मागच्या सीटवरून दिसणारी पद्मिनी

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये एका मोटारीवर जितके मृत्युलेख छापून आले, तितके अलीकडे एखाद्या बऱ्यापैकी साहित्यिकाच्या वाट्यालाही आले नसतील. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावर आणायची सोय उरली नाही. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर गेल्या होत्या, म्हणजे हळवेपणाची हवा आधीच तयार होती. त्या दिवसांत मराठी, इंग्रजी, हिंदी, जे सापडेल ते मी वाचत होतो. त्यात माझा स्वार्थ होता. आमच्या घरी याच गाडीचा एक नग आहे, आजोबांनी दुसऱ्याकडून घेतलेला, आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न तेव्हाही होता, अजूनही आहे.

पाच-सहा लेख वाचून झाल्यावर सातव्यात काय असणार ते कळायला लागलं. पावसाळी मरीन ड्राइव्ह. त्रिकोणी काचेतून येणारा वारा. डाव्या बाजूला बॉनेटजवळ बसवलेला मीटर आणि तो पाडल्याचा आवाज. छताला लावलेलं फुलाफुलांचं कापड, रेक्झिनची घसरडी सीट, आरशाला लटकवलेली देवाची तसबीर किंवा ७८६. मग लेखकाची आई, मावशी किंवा पहिलं प्रेम. शेवटी शहराचा आत्मा हरवतो. हा आत्मा दर दोन-तीन वर्षांनी कशात ना कशात हरवतच असतो.

यातलं काहीही खोटं नाही. पण हे सगळे लेख गाडीत नेमके कुठे बसून लिहिलेत, हे लक्षात आल्यावर मला ते नीट वाचवेनात. ते मागच्या सीटवर बसून लिहिलेत. मागच्या सीटवरून दिसतं तेवढंच त्यांत आहे: खिडकी, छत, ड्रायव्हरच्या मानेचा मागचा भाग. मी वाचलेल्या एकाही लेखात चोक नव्हता, क्लच नव्हता, सीबी पॉइंट नव्हता. चाळीस वर्षं एका गाडीत बसून ती सुरू कशी होते याबद्दल एक वाक्य लिहावंसं वाटू नये, हा माझ्या मते वाङ्मयीन दोष आहे; तांत्रिक माहितीची उणीव म्हणून तो सोडून देता येत नाही. ज्या कादंबरीत सगळे जेवतात आणि स्वयंपाक कोणीच करत नाही, तिच्यात जे खटकतं तेच इथे खटकतं.

सुरुवात नावापासूनच करू. आमच्या घरात या गाडीला कोणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘फियाट काढ’, ‘फियाट धुतली का’, एवढंच. तिच्या आधीच्या, गोल नाकाच्या फियाटला लोक सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि त्यात प्रेम होतं. १९७४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने गाडीचं नाव बदलून चितोडच्या राणीवरून पद्मिनी ठेवलं. ते पत्र्यावर चिकटलं, जिभेवर तितकंसं नाही. मृत्युलेखांत मात्र सर्वत्र पद्मिनी. राणी म्हटलं की पुढचं सगळं ओघाने येतं: तिचं सौंदर्य, तिचा तोरा, तिचे नखरे. सकाळी सुरू व्हायला वेळ लावणं हा नखरा. उन्हात मध्येच बंद पडणं हा रुसवा. गिअर अडकणं म्हणजे मूड नसणं. गाडीला बाई करून टाकली की तिच्यात नेमकं काय बिघडलंय हे विचारायची गरजच उरत नाही.

मी गेली पाच-सहा वर्षं दर रविवारी ही गाडी चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो, नखरे म्हणून जे खपवलं जातं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. काही गोष्टी मुळातल्या आराखड्यात आहेत, काही वयाच्या आहेत, आणि काही आपल्या देशाच्या आर्थिक इतिहासाच्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की गाडी एकदम वाचता येऊ लागते.

मूळ गाडी फियाट ११००, १९५३ साली तुरीनमध्ये आलेली. इटलीत तिला नुसतं ‘मिल्लेचेंतो’, म्हणजे अकराशे, म्हणत. आराखडा दांते जाकोसा या अभियंत्याचा. युद्धापूर्वीची छोटी ‘तोपोलीनो’ आणि १९५७ची जगप्रसिद्ध ५०० याच माणसाची. ११००मध्ये वेगळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चौकट. पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा, मागे पाटे. १०८९ सीसीचं इंजिन. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे पुढच्या सलग सीटवर तिसरा माणूस बसू शकतो. युद्धातून सावरणाऱ्या देशातल्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी काढलेली ती शहाणी, काटकसरी गाडी होती. विक्षिप्तपणा तिच्या आराखड्यात कुठेही नाही. उलट खिडक्या मोठ्या, खांब बारीक, बसायची जागा उंच, खुर्चीसारखी. गाडीचे चारही कोपरे कुठे संपतात ते आतून दिसतं. आजच्या गाडीतून मागे बघायला कॅमेरा लागतो. या गाडीत मान वळवली की काम झालं.

१९६२ साली इटलीत ११०० डी हे रूप आलं आणि १९६४पासून ते कुर्ल्यात तयार होऊ लागलं. इटलीत ११०० १९६९ला संपली. तिची जागा घेतली फियाट १२८ने, आणि तीही जाकोसाच्याच हातची: आडवं इंजिन, त्याला लागून गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना ताकद. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी तीच आहे. १९८३च्या डिसेंबरात जी मारुती ८०० आली आणि जिच्यापुढे आपली फियाट एकदम म्हातारी दिसू लागली, तिच्यातही आडवं इंजिन आणि पुढची चाकं अशीच रचना होती. जाकोसाचा नंतरचा विचार आपल्याकडे जपानमार्गे आला, आणि त्याने जाकोसाच्याच आधीच्या विचाराला घरी बसवलं. एकाही मृत्युलेखात हे नव्हतं. मला तर यात अख्ख्या मरीन ड्राइव्हपेक्षा जास्त काव्य दिसतं, पण तो माझ्या शिक्षणाचा दोष असेल.

आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. दुसऱ्याच्या कोडची एक प्रत घ्यायची आणि ती आपल्या वाटेने पुढे न्यायची. मूळ ठिकाणी नंतर होणाऱ्या सुधारणा आपोआप आपल्याकडे येत नाहीत. मुद्दाम आणाव्या लागतात, आणि आणायला कारण लागतं. किती गाड्या काढायच्या, कोणता भाग बाहेरून मागवायचा, हे सगळं परवान्यांवर ठरत असताना, आणि गिऱ्हाईक पैसे भरून काही वर्षं रांगेत उभं राहायला तयार असताना, कोणाला काय कारण असणार? म्हणून समोरची जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला, नाव बदललं. इंजिन बहुतांशी तेच राहिलं. पार शेवटी डिझेलचं रूप आलं, जमिनीवरच्या गिअरचं आलं, पण तोवर उशीर झाला होता. २००१च्या सुमारास उत्पादन थांबलं. इटलीत सोळा वर्षं जगलेली गाडी आपल्याकडे आणखी तीस वर्षं जगली, याचं श्रेय मृत्युलेख तिच्या दणकटपणाला देतात. दणकट ती होतीच. पण स्पर्धाच नसेल तर दीर्घायुष्य हा गुण मोजायचा कसा?

आता चोककडे येतो. थंड इंजिनाला सुरू होताना हवेच्या मानाने जास्त पेट्रोल लागतं. आजच्या गाडीत ते गणित एक चिप करते. फियाटमध्ये ते ड्रायव्हर करतो: डॅशबोर्डवरची घुंडी ओढायची, किती ओढायची ते हवामान बघून ठरवायचं, आणि इंजिन गरम होत जाईल तशी ती हळूहळू आत सारायची. कमी ओढली तर इंजिन पकडत नाही. जास्त ओढली तर प्लग पेट्रोलने ओले होतात आणि मग बसा वाट बघत. पहिल्या वर्षी मी दर रविवारी प्लग ओले करत असे आणि मित्रांना सांगत असे की आमची म्हातारी लहरी आहे. म्हातारीचा काही संबंध नव्हता. गणित चुकत होतं ते माझं.

उन्हाळ्यात बंद पडण्याचंही तसंच. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून असतो. मे महिन्याच्या गर्दीत इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. उपाय सर्वांना ठाऊक: बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, बिडी ओढून होईपर्यंत थांबा. गिअर अडकतो, कारण स्टिअरिंगवरच्या दांडीपासून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्यांची साखळी जाते. तिच्यातले बुश झिजले की प्रत्येक जोडात थोडी ढिलाई येते आणि सगळ्या ढिलाया मिळून दोन गिअरांच्या मध्ये दांडी अडकते. खाली उतरून सळ्या हाताने जागेवर आणल्या की पुन्हा सुरू. पहिला गिअर चालत्या गाडीत पाडायला गेलात तर दातांचा असा आवाज येतो की रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

ही सगळी कामं ड्रायव्हरने करायची आहेत, असं मूळ आराखड्यातच गृहीत धरलेलं आहे. यंत्र अर्धवट आहे आणि उरलेला अर्धा भाग म्हणजे माणूस. तुरीनच्या गृहस्थाला हे काम दिवसातून दोनदा करावं लागत असे, ऑफिसला जाताना आणि येताना, आणि पाच-सात वर्षांनी त्याने नवी गाडी घेतली. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने ते दिवसाचे दहा-बारा तास केलं, वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं जुन्या गाडीत, तेही इंजिनाची धग पायांवर घेत. स्टिअरिंग हाताच्या ताकदीने वळवायचं, क्लच गुडघ्याच्या. मागच्या सीटवरून जी संथ, डौलदार चाल वाटते, तिचा हिशेब पुढच्या सीटवरच्या खांद्यांत आणि गुडघ्यांत लिहिलेला असतो.

पत्र्याचंही तेच. चौकट वेगळी असती तर पत्रा गंजला काय आणि सडला काय, गाडी उभी राहिली असती. इथे पत्रा हीच चौकट. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात आधी जमीन गंजते, मग दाराखालची पट्टी. ती गेली की गाडी वाकायला लागते, दारं नीट बसत नाहीत. म्हणून दर एक-दोन वर्षांनी डेंटरकडे जाऊन जमिनीला ठिगळ मारून घ्यायचं, वर काळा डांबरी थर, त्यावर रबरी मॅट, आणि वर प्रवाशाचे पाय. पुढे सीएनजी आला तेव्हा टाकी डिकीत बसली, मागच्या बाजूला वजन वाढलं, सामान कॅरिअरवर चढलं. कॅरिअरवरच्या ट्रंका हेही मृत्युलेखांतलं आवडतं चित्र आहे. डिकीत जागा का नाही, हे कोणी विचारत नाही.

सिनेमानेही फार वेगळं केलेलं नाही, पण एक अपवाद नोंदवायला हवा. मिलन लुथ्रियांचा ‘टॅक्सी नं. ९२११’ (२००६) हा काही थोर सिनेमा नव्हे. उत्तरार्धात तो पाठलाग आणि योगायोग यांत बुडतो. पण त्यातला नाना पाटेकरांचा टॅक्सीवाला बायकोपासून आपला धंदा लपवतो, विमा एजंट असल्याचं सांगतो. ही एक गोष्ट त्या सगळ्या फुलाफुलांच्या छतांपेक्षा जास्त खरी आहे. ज्या गाडीला शहर आपला आत्मा म्हणतं, ती चालवणाऱ्याला घरी सांगायची लाज वाटते. सिनेमा हा धागा पुढे नेत नाही, पण निदान तो पुढच्या सीटवर बसलाय.

पुस्तकांत मात्र काम झालेलं आहे. तारिनी बेदी या मानववंशशास्त्रज्ञांचं ‘मुंबई टॅक्सीमेन’ हे २०२२चं इंग्रजी पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या टॅक्सी चालवणाऱ्या चिलिया मुसलमान समाजावर आहे. पालनपूरच्या बाजूने आलेली ही कुटुंबं. विद्यापीठीय भाषेमुळे मला ते जागोजागी जड गेलं आणि काही प्रकरणं मी नुसती चाळली, हे कबूल करतो. तरी त्यातून मिळालेली एक दृष्टी टिकली: टॅक्सी चालवणं हे नुसतं वाहतुकीचं काम नाही, त्यात नात्यांचं, दुरुस्तीचं, शरीराला लागणाऱ्या सवयींचं अख्खं जग आहे; आणि ज्याला बाहेरचे ‘जुनाट’ म्हणतात ते आतल्यांसाठी कसब असतं. एका वर्षानंतर आलेल्या मृत्युलेखांच्या पिकात हे पुस्तक वाचल्याच्या खुणा मला तरी दिसल्या नाहीत.

इथवर वाचून कोणाला वाटेल, मला ही गाडी आवडत नाही. तसं असतं तर प्रश्नच मिटला असता. तिच्यातली जी गोष्ट मला खरोखर मोठी वाटते ती अशी की बॉनेट उघडल्यावर सगळं दिसतं. कार्बोरेटर, पंप, डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक वस्तू आपल्या जागी, प्रत्येकीला हात पोचतो, आणि मोजक्या पान्यांत निम्मं काम होतं. मी ज्या प्रणालींवर पोटाला काम करतो त्या पाच वर्षांत कोणालाच कळेनाशा होतात. लिहिणाराच आपलं लिहिलेलं ओळखत नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या या आराखड्यात काय कशामुळे होतं ते बोट ठेवून दाखवता येतं. टॅक्सीवाल्यांनी तिला इतकी वर्षं जगवलं ते यामुळेच शक्य झालं, आणि हे श्रेय जाकोसाचं आहे, ते द्यायलाच हवं. पण दुरुस्त करता येणं हा गाडीचा गुण झाला. दुरुस्त करत राहणं हा माणसाचा. मृत्युलेखांनी दुसरा गुण उचलून पहिल्याच्या खात्यात टाकला.

आणि मीही तेच करत आलो. आमची गाडी ज्यांच्याकडे जाते त्या काकांनी तरुणपणी भायखळ्याला टॅक्सींचं काम केलं. आता ते सत्तरीला आलेत, ठाण्यात एका पिंपळाखाली त्यांचं दीड गाळ्याचं गॅरेज आहे. मी एकदा मोठ्या हौसेने त्यांना एक मृत्युलेख वाचून दाखवला. वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे लिहिणाऱ्याने कधी उन्हात फियाटचा क्लच बदललाय?” मी म्हटलं, “बहुतेक नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला गंमत वाटते, कारण सोमवारी तुझ्याकडे दुसरी गाडी असते.”

खरंय. सोमवारी मी एसी गाडीतून जातो आणि तिचं बॉनेट घेतल्यापासून दोनदा उघडलंय. टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी सोडून वॅगनआर किंवा ईको घेतली तेव्हा त्यांच्यापैकी कोणी शोकसभा घेतल्याचं मी ऐकलं नाही. काकांच्या ओळखीच्या एका निवृत्त टॅक्सीवाल्याला मी विचारलं तर तो म्हणाला, नव्या गाडीत पहिल्या उन्हाळ्यात पायाला चटके बसले नाहीत तेव्हा चुकल्या-चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. यापलीकडे त्याला काही सांगायचं नव्हतं. जुन्या गाडीचा एक फोटोही त्याच्याकडे नव्हता.

आमच्या गाडीची नोंदणी पुढच्या वर्षी संपते. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण घ्यावं लागतं. तपासणीला ती उतरेल, काकांनी हात फिरवला तर. पण काका दिवाळीनंतर गाळा सोडतायत. मुलगा लॉजिस्टिक्समध्ये आहे, तो या कामाकडे वळणार नाही आणि त्याने वळावं असं काकांनाही वाटत नाही. आई म्हणते, विकून टाक, हल्ली हौशी लोक चांगली किंमत देतात. वडील काही म्हणत नाहीत. गाडीवर पडलेली पिंपळाची पानं झाडून टाकतात. आणि मला आता एवढं कळलंय की मी आजवर जिला माझी गाडी समजत होतो तिचा निम्मा भाग पिंपळाखालचे ते दोन हात होते. ते गेल्यावर उरेल ते जपून ठेवायचं म्हणजे नक्की काय जपायचं?

गेल्या रविवारी त्यांनी मला सीबी पॉइंट बसवायला लावला. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढायचं, पॉइंट पूर्ण उघडेल अशा बेताने इंजिन हाताने फिरवायचं, आणि मधली फट बरोबर ठेवून स्क्रू आवळायचा. ती मोजायला बाजारात पातळ पट्ट्यांचं माप मिळतं. काका लग्नपत्रिकेचा तुकडा वापरतात. कागद कोणत्या जाडीचा हवा ते त्यांच्या बोटांना माहीत आहे. मी पहिल्यांदा आवळला तेव्हा स्क्रूबरोबर फटही सरकली. दुसऱ्यांदा इंजिन लागलं, पण अडखळत. काकांनी स्टुलावर बसल्या बसल्या नुसतं ऐकलं आणि मान हलवली. पॉइंट पुन्हा उघडला, पत्रिकेच्या तुकड्यावरचं ग्रीस पँटला पुसलं, आणि तो माझ्याकडे दिला.